तुम्ही विचारलंत म्हणून: बातमीतल्या शोधावर किती विश्वास ठेवायचा?

मी विज्ञानावर लिहिते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘रोज कुठे ना कुठे क्रांतिकारी शोध लागतोय म्हणे. त्यातला खरा कुठला आणि फुगवलेला कुठला, हे तुम्ही ओळखता कसं?’ सुरात थोडी खोचही असते, कारण वर्षानुवर्षं वाचलेली ती मिनिटभरात चार्ज होणारी बॅटरी अजून कुणाच्याच हातात आलेली नाही.

सरळ सांगायचं तर धादांत खोटे शोध फार थोडे असतात. छापलेला आकडा बहुतेक वेळा बरोबरच असतो. फक्त त्या आकड्याला एक हद्द असते आणि ती मथळ्यात मावत नाही. म्हणून मी आधी हद्द शोधते: कुठून कुठपर्यंत मोजलंय?

सगळ्यांत बोलकं उदाहरण अणुसंमीलनाचं, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र येऊन ऊर्जा सुटण्याचं, फ्यूजनचं. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 192 लेसर झोत एका छोट्या नळीत सोडले गेले. नळीच्या आत दोनेक मिलिमीटरची पोकळ गोळी, आणि तिच्यात गोठवलेले ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, हे हायड्रोजनचे जड भाऊबंद. लेसरनी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा दिली, संमीलनातून 3.15 मेगाज्यूल बाहेर पडली. ‘घातली त्यापेक्षा जास्त मिळाली’ ही बातमी जगभर गाजली आणि ती अक्षरशः खरी होती. पण हिशेब सुरू होत होता लेसरच्या झोतापासून. तो झोत तयार करायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती, ती हद्दीबाहेर. विजेच्या मीटरपासून मोजलं तर शंभर खर्चून हाती आला जेमतेम एक.

मग ही फसवणूक होती का? अजिबात नाही. लेसरने दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली तरच ‘इग्निशन’ म्हणायचं, ही कसोटी 1990च्या दशकातच ठरलेली होती. बातमीसाठी ती कुणी आखली नव्हती. आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कुतूहल तिथेच होतं. संमीलनातून सुटलेली हीलियमची केंद्रकं शेजारचं इंधन तापवतात, त्यात संमीलन होतं, आणखी केंद्रकं सुटतात. इंधन असं स्वतःच्याच उष्णतेवर जळू लागेल का, हा खरा प्रश्न होता. ऑगस्ट 2021मध्ये हीच मंडळी 1.35 मेगाज्यूलपर्यंत पोचली होती, पण तोच प्रयोग पुन्हा करायला गेली तर निम्म्याच्या आसपासच अडकली. गोळीच्या कवचातला बारीकसा दोष, झोतांमधला किंचित असमतोल, एवढ्यानेही सगळं बिघडत होतं. 2022 नंतर मात्र आकडा चढत गेला आणि 2025मध्ये 8.6 मेगाज्यूलवर पोचला. मला पहिल्या मथळ्यापेक्षा ही नंतरची चढण जास्त मोलाची वाटते. तिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली.

यातून वीज कधी मिळणार, असं विचाराल तर त्या आकड्यात याचं उत्तर नाही. ही यंत्रणा मुख्यतः अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी बांधलेली आहे. वीजकेंद्र चालवायचं तर असे स्फोट सेकंदाला कित्येकदा घडवावे लागतील.

पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थापासून केलेल्या सौरघटांकडेही मी याच नजरेने बघते. 2009मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने केलेल्या घटाची कार्यक्षमता होती 3.8 टक्के, आज प्रयोगशाळेतला विक्रम 26 टक्क्यांच्या वर आहे. सिलिकॉनला एवढं अंतर कापायला कितीतरी जास्त काळ लागला. पण विक्रमी घट बहुधा नखाएवढा असतो आणि मोजमाप ताज्या घटाचं असतं. ओल, उष्णता आणि (सौरघटाच्या नशिबी हेही यावं!) खुद्द प्रकाश यांनी हा पदार्थ बिघडतो. सिलिकॉनची पॅनेल 25 वर्षांच्या हमीवर विकली जातात. त्यामुळे इथे मी टक्के सोडून तास वाचते: किती तास चालला, किती तापमानात, केवढ्या आकाराचा.

कधी बातमी नेमक्या चुकीच्या आकड्यावर बोट ठेवते. डिसेंबर 2024मध्ये गूगलने ‘विलो’ ही क्वांटम चिप जाहीर केली. महासंगणकाला 1 वर 25 शून्यं इतकी वर्षं लागतील असं गणित तिने पाच मिनिटांच्या आत सोडवलं, असा मथळा झाला. ते गणित मुळात निवडलेलंच होतं ते नेहमीच्या संगणकाला जड जावं म्हणून. त्याच्या उत्तराचा व्यवहारात उपयोग नाही. त्याच चिपवरचं दुसरं काम मात्र खरोखर मोठं होतं. क्यूबिट (क्वांटम संगणकातले माहितीचे मूळ घटक) वाढवले की चुका करणारेही वाढतात, ही या क्षेत्राची जुनी डोकेदुखी. चुका दुरुस्त करता येतील असं गणितज्ञ पीटर शोर यांनी 1995मध्ये कागदावर दाखवलं होतं. विलोवर क्यूबिटची जाळी 3×3 वरून 5×5 आणि मग 7×7 केली, तेव्हा प्रत्येक पायरीला चुकांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मथळा मात्र शून्यांनी पळवला.

आणि जुलै 2023मधला तो ‘एलके-99’? साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिवाहक होणारा, म्हणजे कसलाही रोध न करता वीज वाहू देणारा पदार्थ, असा दावा होता. कृती सोपी होती, त्यामुळे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो लगेच करून पाहिला. रोध एकदम घसरत होता तो आतल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे; शुद्ध स्फटिक तर चक्क विद्युतरोधक निघाला. काही आठवड्यांत विषय मिटला. अशा वेळी माझा सल्ला एवढाच की महिनाभर गप्प बसावं.

हद्द जिथे हवी तिथेच आखलेली दिसली की मात्र मी थांबून वाचते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या ‘कॅसजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्याच रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी बाहेर काढतात, क्रिस्पर या जनुक-कात्रीने त्यांच्या जनुकात नेमका छेद देतात आणि जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. डिसेंबर 2023मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुरेसा पाठपुरावा झालेल्या 31 जणांपैकी 29 जणांना सलग किमान 12 महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. किती पेशी बदलल्या एवढ्यावर न थांबता, माणसाला वर्षभर दुखलं का, हे इथे मोजलं.

तरी बाहेर काही उरलंच. बदललेल्या पेशी परत घालण्याआधी जुनी अस्थिमज्जा जबर केमोथेरपीने नष्ट करावी लागते आणि रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. त्यामुळे या विषयात मी आता एकाच बातमीच्या मागावर आहे: पेशी बाहेर न काढता शरीरातच हा बदल करता येतो का. यकृतातल्या एका जनुकाबाबत तो माणसांमध्ये जमल्याचं 2021मध्ये प्रसिद्ध झालं. अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपर्यंत औषध नेऊन पोचवणं त्याहून अवघड आहे, आणि सध्या खटपट चालू आहे ती तिथे.