तोजीशेजारचं बिऱ्हाड

सप्टेंबर संपता संपता मी जपानमधल्या क्योतोतलं वसतिगृह सोडलं. परदेशी विद्यार्थ्यांना आमच्याकडे एकच वर्ष वसतिगृहात राहता येतं, नंतर खोली नव्या मुलांसाठी रिकामी करावी लागते. हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी जुलै उलटेपर्यंत मी खोली शोधायला बाहेर पडले नव्हते. त्या खोलीत जीव अडकला होता. खिडकीतून हिएइ डोंगर दिसायचा, शेजारी व्हिएतनामची मुलगी होती, रात्री अकराला दोघी मिळून कॉमन किचनमध्ये भात लावायचो.

क्योतोत भाड्याची खोली मिळवणं किती अवघड आहे ते ऑगस्टमध्ये कळलं. एजंटकडे बसलं की तो आपल्यासमोरच घरमालकाला फोन लावतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, परदेशी भाडेकरू चालेल का? तीन ठिकाणी नकार आला. फोनवरचं बोलणं मला समजतं हे त्या एजंट मुलाच्या लक्षात आलं, तेव्हापासून तो फोन घेऊन आतल्या खोलीत जायला लागला. त्याच्या मनात चांगलंच होतं, पण नकारापेक्षा त्याचं ते उठून आत जाणं मला जास्त लागलं. त्या दिवशी कामो नदीच्या काठावर बराच वेळ बसून राहिले.

चौथ्या घरमालकाने एवढंच विचारलं, "कचरा वेगळा करता येतो ना तिला?" येतो म्हटलं. खोली मिळाली.

पैशांचं थोडं सांगते, कारण इकडे येणाऱ्या मुलांना हे कोणी आधी सांगत नाही. भाड्याशिवाय 'शिकिकिन' म्हणजे अनामत भरायची. 'रेइकिन' म्हणजे मालकाला आभारादाखल द्यायची रक्कम, ती परत मिळत नाही. आणि ओळखीचा जामीनदार नसेल तर हमी देणाऱ्या कंपनीची फी वेगळी. हे सगळं राहायला जायच्या आधी एकरकमी द्यावं लागतं. तेवढे पैसे आधीपासून बाजूला काढून ठेवा.

सामान हलवायला मला दोन दिवस आणि सायकलच्या चार खेपा लागल्या. जड खोकी दोनच होती, ती कुरिअरने पाठवली. बाकी सगळं सायकलवर. पुढच्या टोपलीत चादरीत गुंडाळलेला कुकर, पाठीवर पुस्तकं, मागच्या कॅरिअरला बांधलेली गादी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्या दोन दिवसांत मी अक्षरशः जगले. वाट मात्र सुंदर होती. कामो आणि ताकानो या नद्या जिथे मिळतात तिथे पाण्यात कासवाच्या आकाराचे दगड टाकलेले आहेत, त्यांवरून पोरं उड्या मारत पलीकडे जात होती. काठावर हिगानबाना फुलला होता, लाल, एक पान नसलेला, नुसत्या दांड्यावर. क्योतोचे आडवे रस्ते आकड्यांनी मोजतात. इचिजो म्हणजे पहिला, कुजो म्हणजे नववा. मी पहिल्याच्याही उत्तरेकडून निघून नवव्यापर्यंत आले. कुजोला वळलं की घरांच्या छपरांवर तोजी या देवळाचा पाच मजली पॅगोडा एकदम उभा राहतो. जवळजवळ ५५ मीटर उंच, जपानमधला सगळ्यात उंच लाकडी पॅगोडा. आधीचे चार जळाले, हा पाचवा १६४४ सालचा.

खोली सहा तातामींची, म्हणजे गवताच्या सहा चटयांएवढी. पहिल्या रात्री गॅस नव्हता. इथे गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि तो येईल तेव्हा आपण हजर असावं लागतं, आणि मी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली होती. थंड पाण्याने अंघोळ केली आणि दुकानातला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाऊन झोपले. चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता बदलल्याचं कळवायचं असतं. ते तिसऱ्या दिवशी उरकलं. रेसिडन्स कार्डाच्या मागच्या बाजूला नवा पत्ता चढला आणि जीव भांड्यात पडला.

समोरच्या दारात एक आजीबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. नव्या घरी आलं की शेजाऱ्यांना छोटीशी भेट द्यायची इकडची रीत आहे. मी चहाचं पाकीट घेऊन गेले. त्यांनी आधी कचऱ्याचं सांगितलं. जळणारा कचरा पिवळ्या पिशवीत, बाटल्या आणि प्लास्टिक पारदर्शक पिशवीत, आणि वरची जाळी नीट ओढायची, नाहीतर कावळे येतात. मग विचारलं, "कोबो-सानना भेटलीस का?"

मला वाटलं शेजारीच कोणी असेल. त्या म्हणत होत्या कोबो दाइशीबद्दल, म्हणजे कुकाइ या जुन्या काळच्या बौद्ध भिक्षूबद्दल. तोजी हे त्याचं देऊळ.

तसं तोजी मी पाहिलेलं होतं. पहिल्या वर्षात मी विसेक देवळं पाहिली. कियोमिझुचा लाकडी सज्जा, सान्जुसान्गेन्दोतल्या कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती, फुशिमीच्या तोरींची, म्हणजे कमानींची, रांग. प्रत्येक ठिकाणी गोशुइनच्या वहीत शिक्का घ्यायचा, शाईवर टिपकागद ठेवायचा आणि पुढची बस पकडायची. तोजीच्या व्याख्यानगृहात, म्हणजे कोदोत, २१ मूर्ती मंडलासारख्या मांडलेल्या आहेत. एका टोकाला बोन्तेन चार हंसांवर बसलाय, दुसऱ्या टोकाला ताइशाकुतेन हत्तीवर. बोन्तेन म्हणजे आपला ब्रह्मदेव आणि ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. ते हंस पाहून मी तिथल्या तिथे थबकले होते. पण फोटोला बंदी होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि वीस मिनिटांत मी बाहेर पडले होते.

आजीबाईंनी सांगितलं की मिएइदोत, म्हणजे कोबो-सानच्या मूर्तीच्या दालनात, रोज सकाळी सहाला कोबो-सानना न्याहारी देतात. "ये," म्हणाल्या, "पावणेसहाला खाली उभी राहा."

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. फाटक पाचलाच उघडतं. नुकतं उजाडत होतं आणि किन्मोकुसेइचा वास सगळ्या गल्लीभर पसरला होता. ही केशरी, इवली इवली फुलं, झाड दिसायच्या आधी वास येतो. आजीबाई हातात जपमाळ घेऊन पुढे, मी मागे. चपला काढून आत तातामीवर बसलो. पंधरा-वीस माणसं असतील, बहुतेक म्हातारी. एकाने ऑफिसचे कपडे घातले होते, मांडीशेजारी बॅग.

घंटा झाली. ताटं आत गेली, आधी पहिलं, मग दुसरं, शेवटी चहा. मी बसले होते तिथून भिक्षूंच्या पाठी आणि बाह्यांची हालचाल एवढंच दिसत होतं. पठण सुरू झालं. जपानी उच्चारातलं ते संथ, एका सुरातलं बोलणं मला फारसं कळत नव्हतं. आणि मग शेवटी आलं, "ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ, हारासो ग्यातेइ, बोजी सोवाका."

गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा.

सोवाका म्हणजे स्वाहा! लहानपणी सत्यनारायणाला होम झाला की गुरुजींबरोबर आम्ही पोरं जे मोठ्याने ओरडायचो तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घर सोडून वर्ष झालं होतं, त्यात रडले ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा कारण दुःखाचं होतं. हे तसलं नव्हतं.

नंतर सगळे रांगेने पुढे गेले. भिक्षूने एका छोट्या पात्रातला बुद्धाचा अस्थिधातू माझ्या डोक्याला टेकवला, मग पसरलेल्या दोन्ही तळहातांना. थंडगार स्पर्श, क्षणभराचा.

घरी आल्यावर कुकाइबद्दल वाचत बसले, लॅबला उशीर झाला. हाही परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थीच. ८०४ साली समुद्र ओलांडून चीनला गेला, चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि हुइग्वोकडे दीक्षा घेतली. वीस वर्षांसाठी पाठवलेला माणूस दोन वर्षांत, ८०६ साली, ग्रंथ आणि संस्कृत लिहायची सिद्धम् लिपी घेऊन परत आला. ८२३ साली सम्राटाने तोजी त्याच्या हाती सोपवलं. ८३५ साली कोयासान डोंगरावर तो वारला असं त्याचे भक्त मानतच नाहीत. तो समाधीत बसलाय, अजून. म्हणून त्याला न्याहारी. तो दिवस तिसऱ्या महिन्याचा एकविसावा, म्हणून तोजीच्या अंगणात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो. त्यालाही लोक कोबो-सानच म्हणतात. परवा तिथून मी पाचशे येनला एक झाकणाचा वाडगा आणलाय, दही लावायला.

हे सगळं माझ्या आजीला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. पण भारत आपल्यामागे साडेतीन तास. इथे साडेनऊ वाजले की तिथे सहा, आणि आजी तेव्हा पूजेच्या आधीचा चहा घेत असते. तेवढं थांबले. आजी पायांनी साथ दिली तोवर दर कार्तिकीला आळंदीला जायची. संजीवन समाधी म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "बसलाय तर खायला नको का द्यायला? आपल्या माउलींना नाही दाखवत नैवेद्य?" आणि लगेच, "ताटात काय काय होतं गं? भात होता?"

मला सांगता येईना. दिसलंच नव्हतं.

त्यानंतर चार-पाचदा गेले. एकदा उजवीकडे बसले, एकदा अगदी पुढे. तरीही बाह्या आणि पाठीच. शेवटी जिन्यात आजीबाई भेटल्या तेव्हा त्यांनाच विचारलं. त्या लग्न होऊन या भागात आल्या तेव्हापासून जातायत. त्या क्षणभर थांबल्या, जणू हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता.

"मी पाहिलं नाही," म्हणाल्या. "ते त्यांचं जेवण आहे ना."

रविवारी आजीला हे सांगितलं. फोनवर पलीकडून बांगड्यांचा आवाज आला. ती बहुधा वाती वळत होती.

"मग," आजी म्हणाली, "नैवेद्याच्या वेळी आपणही पडदा ओढतोच की."