मी तिलाच ओरडले

गुरुवार, 8 जानेवारी 2026, रात्री

हात आता दुखत नाही. अंगठ्याखाली दाताचा एक बारीक ओरखडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. उद्या रेबीजची दुसरी सुई. ओरखड्याचं मला काहीच वाटत नाहीये. वाटतंय ते दुसरंच, आणि परवापासून ते जात नाही, म्हणून लिहून बघते.

परवा सकाळी मी चिंगीला, माझ्या कुत्रीला, ओरडले. "गप्प! गप्प बस म्हटलं ना!" भर रस्त्यात, लीश हिसडून. आणि लगेच त्या गृहस्थांकडे बघून, "सॉरी हं, सॉरी." दोनदा म्हटलं. बहुतेक तीनदा.

झालं ते असं. सव्वासहा वाजले असतील, अजून अंधारच होता. नाशिकमधल्या आमच्या महात्मानगरच्या पाण्याच्या टाकीकडून आम्ही आतल्या गल्लीत वळलो. कोपऱ्यावर टेंपो उभा होता आणि त्याच्या मागून एक लॅब्रेडॉर सरळ समोर आला. मोकळा. मालक वीसेक पावलं मागे, फोनवर, लीश गळ्यात मफलरसारखी टाकलेली. तिथूनच ओरडले, "काही करत नाही तो! फ्रेंडली आहे!"

चिंगीचं तोंड मिटलं. ते मी पाहिलं. चालताना तिचं तोंड नेहमी थोडं उघडं असतं, जीभ एका बाजूला. ते मिटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. शेपटी काठीसारखी ताठ, वजन पुढच्या दोन पायांवर, नजर एका जागी. त्याआधी तिने एकदा ओठ चाटले, मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिच्या भाषेत ती म्हणत होती, बाबा रे, नको. लॅब्रेडॉर नाकासमोर आलाच. मग ती गुरगुरली. एकदाच, खालच्या आवाजात.

आणि मी त्या गुरगुरण्याला ओरडले.

गुरगुरण्याला कधीच ओरडायचं नाही, हे मला ट्रेनरने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गुरगुरणं म्हणजे घंटी. घंटी वाजवली म्हणून मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी घंटी न वाजवताच चावतं. दुसरं सांगितलं होतं, लीश ताणायची नाही. आपला हात घट्ट झाला की तो घट्टपणा दोरीतून तिच्या अंगात उतरतो, आणि तिला कळतं की समोर खरंच काहीतरी वाईट आहे. हे मला पाठ आहे. शेजारच्या मुलांना मी समजावून सांगितलंय. आणि वेळ आली तेव्हा मी दोन्ही केलं. ओरडलेही, ताणलंही.

पुढचं चार-पाच सेकंदांचं. आवाजच जास्त. मी मध्ये हात घातला, तोही घालायचा नसतो. दोघांपैकी कुणालाही लागलं नाही. गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "असं कुत्रं असेल तर बाहेर कशाला आणता? माझ्या ह्याने काही केलं का बघा." आणि खरंच, लॅब्रेडॉर शेपूट हलवत होता. चिंगी माझ्या पायांमागे थरथरत होती. मी पुन्हा सॉरी म्हटलं.

घरी येऊन नळाखाली हात धरला. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग दवाखाना. दोन वर्षांपूर्वी एबीबी सर्कलला कुत्र्याच्या एका प्रकारानंतर माझा पाच सुयांचा पूर्ण कोर्स झालेला, त्यामुळे आता दोनच. एक त्याच दिवशी, एक तीन दिवसांनी म्हणजे उद्या. डॉक्टरांनी विचारलं, कुणाचं कुत्रं? मी म्हटलं, "आमचंच."

का म्हटलं? दात कुणाचा लागला ते मला माहीत नाही. अंधार होता, दोन्ही तोंडं एकाच ठिकाणी होती. "माहीत नाही" म्हणता आलं असतं. पण नाही, पटकन तिचं नाव पुढे केलं. कागदावर तसंच लिहिलं गेलंय. त्या गृहस्थांना मी त्यांच्या कुत्र्याची लस झाली आहे का हेसुद्धा विचारलं नाही. विचारणं माझा हक्क होता, आणि सुई मलाच टोचून घ्यायची होती.

रात्रभर तेच डोक्यात. मी तिला का ओरडले? तिला शिस्त लावायला नाही. तिला शिस्त लावायची नव्हतीच, ती बरोबर वागत होती. मी ओरडले त्या गृहस्थांसाठी. त्यांना दिसावं म्हणून. की बघा, मी बेजबाबदार नाही, मी माझ्या कुत्रीला पाठीशी घालत नाही. ज्याच्याशी कधी बोलणंही नाही अशा माणसापुढे मी चांगली दिसावी म्हणून नऊ वर्षांच्या माझ्या चिंगीला मी हिसडा दिला.

आणि पिशवी रिकामी होती, ते आणखी वेगळं. परवा अंगारकी. तिचं चिकन मी वेगळ्या पातेल्यात, गॅलरीतल्या इंडक्शनवर उकडते, पण मंगळवारी आणि चतुर्थीला नाही. त्या दिवशी तिला दहीभात. त्यामुळे कमरेच्या पिशवीत नुसती बिस्किटं होती, आणि बिस्किटाकडे ती अशा वेळी ढुंकूनही बघत नाही. आमचं सगळं त्या चिकनवर चाललंय. लांब कुत्रं दिसलं की तिने गुरगुरायच्या आत तुकडा तोंडात, मग वळायचं. म्हणजे कुत्रं दिसणं आणि चिकन मिळणं याची तिच्या डोक्यात गाठ पडते. मार्चमध्ये साठ पावलांवरच तिचं अंग ताठ व्हायचं. दिवाळीपर्यंत तीसवर आलो होतो. तीस पावलं! कुणाला सांगितलं तर काय मोठंसं वाटणार, पण त्या तीस पावलांसाठी मी आठ महिने रोज पहाटे उठलेय.

आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीतून प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या, नंतर कुणाच्या तरी स्वागताला फटाके. पंधराला मतदान आहे, तोवर हे चालणारच. ती रात्री दोनदा उठून पलंगाखाली गेली होती. असा ताण तिच्यात साठत जातो, एका झोपेत उतरत नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की सकाळी गच्चीवरच फिरवावं.

कधी कधी फार एकटं वाटतं. बाकीच्या बायका सातला ग्राउंडवर जमतात, कुत्री खेळतात, त्या गप्पा मारतात, फोटो काढतात. आम्ही अंधारात निघतो. कुठल्या बंगल्याचं फाटक किती वाजता उघडतं, कोणता बीगल कधी बाहेर येतो, हे मला वेळापत्रकासारखं पाठ आहे. समोरून कुणी आलं की आम्ही गाडीमागे. हीच चिंगी रात्री माझ्या पावलांवर डोकं ठेवून झोपते. ह्यांच्या शेवटच्या महिन्यात ती त्या खोलीच्या दारातून हलली नव्हती. ते कुणी पाहिलेलं नाही. सगळ्यांना तिचे ते चार सेकंदच माहीत.

 

सोसायटीच्या ग्रुपवर ऑगस्टपासून हवा तशीही गरम आहे. सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्टचा दिल्लीचा आदेश, रस्त्यावरची कुत्री उचलून आश्रयगृहात ठेवा, तो आमच्याकडे दहा वेळा फिरला. 22 तारखेला त्यात बदल झाला, नसबंदी आणि लस करून पुन्हा होतं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि हल्ला करणारी तेवढी सोडू नका, हे मात्र मी एकटीनेच टाकलं. त्यावर एक अंगठासुद्धा आला नाही. तेव्हापासून हातात लीश असली की आरोपी असल्यासारखं वाटतं. तळमजल्यावरच्या ताईंची भीती मला कळते, त्यांच्या नातवाला खरंच चावलं होतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. घालावासा वाटतही नाही.

पण एक गोष्ट लिहायचीच आहे. परवा ते गृहस्थ गेल्यावर मी टाकीच्या कट्ट्यावर बसले होते, चिंगी धापा टाकत होती. तेव्हा रस्त्यावरचा कुत्रा, पांढऱ्या, आला. सरळ नाही आला. रस्त्याच्या पलीकडून, जमीन हुंगत, मोठा वळसा घेऊन आला. दहाएक पावलांवर थांबला, आम्हाला पाठमोरा. एकदा पूर्ण अंग झटकलं, कानापासून शेपटीपर्यंत, आणि दुसरीकडे बघत खाली बसला. बस्स. दोन मिनिटांत चिंगीचं तोंड उघडलं, जीभ बाहेर आली. सहा वर्षं तो तिथे आहे. कानाला नसबंदीची खाच आहे, महापालिकेच्या गाडीने नेऊन, ऑपरेशन करून परत याच कोपऱ्यावर आणून सोडलेला. भेटायचं कसं, हे त्याला येतं. नाकासमोर सरळ जायचं नाही, बाजूने, वळण घेऊन, समोरच्याला निघून जायला जागा ठेवून. कुत्र्यांची रीतच ती. आपणच त्यांना दोरीला बांधून अरुंद फुटपाथवर समोरासमोर आणतो आणि मग "हॅलो कर बेटा" म्हणतो.

काल दुपारी भांडी घासताना आमचा जुना कुत्रा, राजा, आठवला. आणि तो मुलगा.

राजा अकरा वर्षं आमच्याकडे होता, मी त्याला गल्लीत कधी बांधून नेलं नाही. गरजच नव्हती, इतका गरीब. एकदा शाळेचा एक मुलगा, दप्तर छातीशी धरून, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. राजा त्याचे बूट हुंगत होता. आणि मी लांबून हसत म्हटलं होतं, "अरे घाबरतोस काय, काही करत नाही तो." राजाने खरंच काही केलं नाही. पण तो मुलगा भिंतीला चिकटला होता आणि मी हसत होते. त्याचं तोंड आता मला जसंच्या तसं दिसतंय. तेव्हा दिसलंच नव्हतं. किती जणांना मी ते वाक्य म्हटलं असेल, अकरा वर्षांत.

ते आठवल्यावर परवाचंही एक आठवलं. गृहस्थांनी लॅब्रेडॉरला लीश लावायला घेतली तेव्हा हूक दोनदा चुकला. बोटं थरथरत होती. आवाज चढला होता तो त्यामुळे. त्यांचंही लेकरूच ते, त्याच्या मानेशी कुणाचे तरी दात आले होते. मी त्यांच्या बोलण्याला उत्तरं जुळवत बसले दोन रात्री, आणि ती बोटं मी पाहिली होती.

यामुळे ते बरोबर ठरत नाहीत. लीश गळ्यात घालायची वस्तू नाही. वरच्या मजल्यावरच्या वकील काकू म्हणाल्या, तक्रार कर, न्याय संहितेचं कलम 291 आहे, जनावराच्या बाबतीत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मी नको म्हटलं. संध्याकाळी कधी ते दुधाला येतात तेव्हा, दोन्ही कुत्री घरी असताना, जाऊन बोलावं असं मनात आहे. लसीचं विचारायचं. बोलेन की नाही माहीत नाही.

काल रात्री ओट्यापाशी उभी राहून एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. "तिथेच थांबा. हिला जवळ आलेलं चालत नाही." पहिल्यांदा म्हटलं तर शेवटी आपोआप सॉरी आलं. पाच-सहा वेळा म्हटलं तेव्हा गेलं. चिंगी दारात बसून बघत होती.

आज सकाळी पारिजातनगरच्या वळणावर एक मुलगी आली, लांब सुटणाऱ्या दोरीवर छोटं शिहत्झू जातीचं कुत्रं. दोरी आमच्या दिशेने सुटत होती. मी हात वर केला आणि म्हटलं, "तिथेच थांब बाळा, हिला जवळ आलेलं चालत नाही." ती म्हणाली, "ओके काकू," बटण दाबून दोरी गुंडाळली आणि पलीकडे गेली. एवढंच. तिला राग आला नाही, मी वाईट झाले नाही. चिंगीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडं होतं. आज पिशवी भरलेली होती.

परत येताना टाकीपाशी लांबून ते दिसले. लॅब्रेडॉर मोकळाच. आम्ही अलीकडच्याच गल्लीत वळलो. परवापर्यंत असं वळताना मला रडू यायचं. आज नाही आलं. त्या गल्लीत प्राजक्ताचं झाड आहे, चिंगीला तिथे हुंगायला खूप असतं. ती एकेका पानापाशी थांबली आणि मी थांबू दिलं. आमचं फिरणं हे असंच असणार, वळणावळणाचं.

आता ती झोपलीये, मागचे पाय स्वप्नात पळताहेत. ओरडल्याबद्दल तिची माफी अजून मागितलेली नाही. कशी मागतात ते कळत नाहीये. मघाशी नुसता कानामागे हात फिरवत बसले खूप वेळ.

पुढच्या चतुर्थीला चिकन आदल्या रात्रीच उकडून, डब्यात भरून, गॅलरीतच ठेवीन. बाप्पाला चालेल.