थिबा राजवाड्यातलं सागवान

रत्नागिरीला आत्याकडे मी कितीदा तरी राहिले, पण थिबा राजवाडा निवांत पाहिला तो यंदाच. श्रावणसरी चालू होत्या. उतरत्या छपरावरून पागोळ्या गळत होत्या. आत शिरल्यावर नजर गेली ती खिडक्यांच्या अर्धगोल कोरीव लाकडाकडे आणि रंगीत काचांकडे. त्या लाकडापाशी मी बराच वेळ थांबले, कारण थिबाचं, ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाचं, राज्य सागवानाच्या निमित्तानंच गेलं.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीनं तोडलेल्या ओंडक्यांचे पैसे बुडवले, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबारानं १८८५ साली तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबर सरेपर्यंत थिबाची राजधानी मंडाले पडली. राजाला आणि राणी सुपायालतला बोटीत बसवून आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं, त्याला तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. तिकडचा राजा इकडे, इकडचा बादशहा तिकडे!

या राजाची कीर्ती चांगली नव्हती. तो गादीवर आल्यावर, १८७९ मध्ये, राजघराण्यातल्या ऐंशीच्या आसपास माणसांची कत्तल झाली. कोणाच्या हुकमानं, यावर वाद आहेत, पण बट्टा लागला तो राजाराणीलाच. "मेलेल्यांत लहान पोरंही होती गो," आत्या हलकेच म्हणाली. तिच्यासोबत वरच्या मजल्यावरून भाट्याच्या खाडीकडे पाहताना मला त्या पोरांचंही वाईट वाटत होतं आणि इथे झुरत राहिलेल्या माणसाचंही.

हा वाडा उभा राहिला १९१० च्या सुमारास. त्याआधीची चोवीस वर्षं राजाचं कुटुंब इथल्याच दुसऱ्या बंगल्यांत राहत होतं. वाड्यात थिबाला मिळाली जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. राणीला त्याचं शव मायदेशी न्यायचं होतं, म्हणून तिनं ते इथे पुरू दिलं नाही. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटी वाड्याच्या आवारातच राहिली. सरकार ऐकेना. अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच त्याची कबर झाली आणि राणी त्याला मागे ठेवून परत गेली.

मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती थोरल्या राजकन्येची. वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर तिचा जीव जडला. त्यांची मुलगी टुटू. मायलेकी पुढे रत्नागिरीतच राहिल्या. राजकन्या १९४७ मध्ये वारली. टुटू मराठी बोलली, मराठी माणसाशी लग्न करून गरिबीत संसार रेटला, आणि २००० साली इथेच गेली. राजाची नात आपल्या काळापर्यंत आपल्यात होती! वाड्यातल्या संग्रहालयात हिंडताना मी तिच्या वापरातली एखादी साधी वस्तू शोधत होते.

परतताना शिवाजीनगरला कबरीपाशी गेलो. थिबाशेजारी त्याची धाकटी राणी आहे, सुपायालतची सख्खी बहीण. आत्यानं परसातली अनंताची फुलं पिशवीतून आणली होती. तिनं ती दोन्हीकडे वाहिली. पाऊस पुन्हा आला, तशी आम्ही रिक्षा पकडली.