गोठ्यात जाहीर होणारे पंतप्रधान

राजधानी म्बाबानेच्या बाजारात पहिली ओळख होते ती राजाशी. टोमॅटोचे ढीग रचून बसलेल्या बायकांनी अंगाभोवती गुंडाळलेल्या कापडावर म्स्वाती तिसरे, मागच्या भिंतीवरच्या तसबिरीत म्स्वाती तिसरे आणि सुट्टे म्हणून हातात पडलेल्या नोटेवरही तेच. पंतप्रधानांचा चेहरा दिसला तो फक्त शेंगदाणे बांधून मिळालेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर. इस्वातिनीत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या, २०१८ पर्यंतच्या स्वाझीलंडमध्ये, या पदाची पायरी किती खालची आहे ते मला तिथेच कळलं.

राजा आणि प्रधान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सातारची गादी आणि पुण्याचा कारभार येतो. इथे नेमकं उलटं आहे. गादी आणि कारभार दोन्ही राजाकडेच, प्रधानाकडे फक्त जबाबदारी.

म्बाबानेहून लोबाम्बाला कोम्बी मिळते. कोम्बी म्हणजे आपली वडाप. माणसं भरेपर्यंत हलत नाही. घाट उतरला की एझुल्विनीचं हिरवं खोरं उघडतं. शेजारच्या गृहस्थांनी तेवढ्या वाटेत सरकारची यथेच्छ धुलाई केली. दवाखान्यात औषधं नाहीत, पोरांना नोकऱ्या नाहीत, पंतप्रधान झोपलेत. मी राजाचा विषय काढला, तर मुंबईत पाऊस किती पडतो ते विचारू लागले.

लोबाम्बा हे पारंपरिक राजधानीचं गाव. संसद, राष्ट्रीय संग्रहालय, सोभुझा दुसरे यांचं स्मारक, सगळं चालत फिरण्याजोगं. संग्रहालयात सोभुझांच्या जुन्या मोटारी ठेवल्या आहेत. तान्हे असताना, १८९९ मध्ये, ते गादीचे वारस झाले आणि १९८२ पर्यंत राजे राहिले. देश ६ सप्टेंबर १९६८ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान होते राजपुत्र माखोसिनी द्लामिनी. इंग्रजांनी जाताना दिलेल्या राज्यघटनेत पक्ष होते, निवडणुका होत्या. १९७२ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने जेमतेम तीन जागा जिंकल्या. तेवढ्याही राजाला जड झाल्या. १२ एप्रिल १९७३ रोजी राज्यघटना गुंडाळली गेली, पक्षांवर बंदी आली. माखोसिनी मात्र १९७६ पर्यंत खुर्चीवर राहिले.

सोभुझा गेल्यावर मजा सुरू झाली. मजा आपल्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे. नवा राजा अल्पवयीन, कारभार राजमाता आणि लिकोको नावाच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे. पंतप्रधान राजपुत्र माबांद्ला यांचं या मंडळाशी बिनसलं. १९८३ मध्ये त्यांना काढलं आणि ते दक्षिण आफ्रिकेत पळून गेले. त्यांच्या जागी भेकिम्पी आले. म्स्वाती गादीवर बसल्यावर तेही गेले, आणि पुढे त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. १९८९ मध्ये राजाने ओबेद द्लामिनी या कामगार पुढाऱ्यालाच पंतप्रधान केलं. पद गेल्यावर हेच ओबेद १९७२ मध्ये तीन जागा जिंकणाऱ्या त्या विरोधी पक्षाचे अध्यक्ष झाले. या साऱ्या यादीतला माझा आवडता माणूस हाच.

पंतप्रधान द्लामिनीच हवा असा लेखी नियम नाही, पण रिवाज आहे. द्लामिनी हे राजघराण्याचं कुळ. दुसऱ्या आडनावाचे आले ते बहुतेक हंगामी म्हणून. पुढचा पंतप्रधान कोण होईल, असं मी माझ्या मुक्कामाच्या घरमालकिणीला विचारलं. नाश्त्याच्या ताटल्या उचलता उचलता ती म्हणाली, “नाव नंतर कळेल, आडनाव आत्ताच सांगते.”

संसदेपासून जवळच लुद्झिद्झिनी हा राजवाड्याचा परिसर आहे. आत जाऊन फोटो काढायला परवानगी लागते, म्हणून मी बाहेरूनच पाहिलं. इथला सिबाया म्हणजे गुरांचा प्रचंड गोल गोठा. प्रजेला तिथे बोलावलं जातं, लोक जमिनीवर बसतात. २००५ च्या राज्यघटनेने या सभेला मानाचं स्थान दिलं आहे. जुलै २०२१ मध्ये क्लिओपास द्लामिनी यांचं नाव राजाने याच गोठ्यात जाहीर केलं. त्याआधी काही आठवडे देश पेटला होता. दुकानं जळली, गोळीबारात कितीतरी माणसं गेली. आंदोलकांची एक मागणी अगदी साधी होती: पंतप्रधान आम्हाला निवडू द्या. ती उघडपणे लावून धरणारे दोन खासदार, म्दुदुझी माबुझा आणि म्थांदेनी दुबे, पकडले गेले. २०२४ मध्ये त्यांना अनुक्रमे २५ आणि १८ वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

संसदेने एकदा हिंमत केली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये बार्नाबास सिबुसिसो द्लामिनी यांच्या सरकारवर सभागृहाने अविश्वास ठराव मंजूर केला. राज्यघटनेप्रमाणे राजाने मंत्रिमंडळ बरखास्त करायला हवं होतं. झालं असं, की काही दिवसांनी त्याच सभागृहात पुन्हा मतदान झालं आणि आधीचा ठराव मागे घेतला गेला. बार्नाबास २०१८ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतरचे अँब्रोझ द्लामिनी एका मोबाइल कंपनीचे प्रमुख होते. डिसेंबर २०२० मध्ये कोविडची लागण झालेली असताना, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते गेले. अलीकडे तर कंपनी किंवा संस्था चालवणारी माणसंच नेमली जाताहेत. क्लिओपास पेन्शन फंडातून आले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेले रसेल द्लामिनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेतून. मला ही निवड फार समर्पक वाटली. कोम्बीतले गृहस्थ मात्र हसले नसते.

जाता जाता आपल्या खिशाशी संबंधित एक गोष्ट. एप्रिल २०१८ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी इथल्या संसदेत भाषण केलं होतं. नव्या संसद भवनासाठी भारताच्या एक्झिम बँकेने १० कोटी ८२ लाख डॉलरहून अधिक कर्ज मंजूर केलं आहे. सभागृह मोठं होईल, खुर्च्या चांगल्या येतील. पंतप्रधानांचं नाव मात्र रस्त्यापलीकडच्या त्या गोठ्यातूनच येणार, असं दिसतं.