घराचा लिलाव झाला, मग दुसऱ्या कर्जवाल्याचे फोन

कॅलिफोर्नियात माउंटन हाउसला आम्ही २००६ साली घर घेतलं ते ऐंशी-वीस पद्धतीनं. किमतीच्या ८० टक्के पहिलं कर्ज, २० टक्के दुसरं, पदरचं जवळपास काहीच नाही. तेव्हा निम्मी गल्ली तशीच घेत होती. दोनच वर्षांत भाव असे कोसळले की घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त असलेल्या गावांत आमचं गाव देशात पहिलं म्हणून पेपरात झळकलं. नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते थकले, आणि २०१० मध्ये पहिल्या कर्जवाल्या बँकेनं घर लिलावात काढलं. आलेली रक्कम तिलाच पुरली नाही. दुसऱ्या कर्जाचा घरावरचा बोजा उडाला. नाशिकहून दीर म्हणाले, "वहिनी, सुटलात एकदाच्या."

बोजा उडाला तरी देणं आपोआप उडत नाही, हे फ्रीमाँटच्या भाड्याच्या घरात फोन वाजायला लागले तेव्हा कळलं. बँकेनं ते दुसरं कर्ज एका वसुली कंपनीला विकून टाकलं होतं. फोनवरचा माणूस आधी गोड बोलायचा, मग पगारातून कापून घेऊ म्हणायचा. एकदा म्हणाला, "तुम्ही व्हिसावर आहात ना? बघा बुवा." आमच्यासारख्यांची नस कुठे आहे ते या लोकांना बरोबर ठाऊक असतं. कोर्टाचा निकाल हातात असल्याशिवाय असल्या कर्जापायी पगाराला हात लावता येत नाही, हे मात्र तो कधीच सांगायचा नाही. शेवटी "निदान पन्नास डॉलर तरी टाका, तुमची नियत दिसेल" यावर गाडी आली. नवरा टाकणारही होता. पण तिथं लेखी कराराच्या दाव्याला चार वर्षांची मुदत असते, आणि मुदतीच्या आत थोडे जरी पैसे भरले तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. पन्नास डॉलरची नियत महागात पडली असती.

फोनवर बोलणंच बंद केलं. १९७७ च्या केंद्रीय कायद्यानुसार वसुलीवाल्याची नोटीस आल्यापासून ३० दिवसांत आपण लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत त्याला वसुली थांबवावी लागते. पत्र सर्टिफाइड टपालानं पाठवलं, पोच जपून ठेवली. पुरावा म्हणून आला एक पानी तक्ता: नाव, मुद्दल, व्याज, एकूण. कर्ज कशासाठी दिलं होतं याचा त्यात पत्ताच नव्हता, आणि सगळं त्यावरच अवलंबून होतं.

ओकलंडच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ५८०-बी नावाचं कलम आहे. राहतं घर विकत घेण्यासाठीच काढलेलं कर्ज असेल, तर लिलावानंतर उरलेली बाकी कर्जदाराच्या खिशातून वसूल करून घेण्याचा निकाल मिळत नाही. दुसऱ्या कर्जालाही हे लागू. मग खरेदीच्या दिवशीचा हिशोबाचा कागद, एचयूडी-वन, फाइलमधून काढला. खरेदीदाराच्या रकान्यात दोन्ही कर्जं एकाखाली एक, एकाच दिवशी, थेट घराच्या किमतीत गेलेली. आमच्या हातात एक डॉलरही आला नव्हता. त्या पानाची प्रत आणि कलमाचा हवाला देऊन बाईंनी पत्र धाडलं. उत्तरात खातं बंद केल्याची दोन ओळींची चिठ्ठी आली, दिलगिरीचा शब्द नाही.

शेजारच्या तेलुगू कुटुंबाचं असं झालं नाही. त्यांनी दुसरं कर्ज नंतर, स्वयंपाकघर नवं करायला काढलं होतं. खरेदीचं नाही, म्हणून ५८०-बी चं छत्र नाही. घासाघीस करून त्यांनी एकरकमी तडजोड केली, तर पुढच्या जानेवारीत माफ झालेल्या रकमेचा १०९९-सी हा कराचा फॉर्म टपालात हजर. ती रक्कम उत्पन्न धरली जाते. देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती हे कर खात्याच्या फॉर्म ९८२ वर दाखवून त्यांनी कर वाचवला.

आमचं कर्ज पुढे आणखी एका कंपनीनं विकत घेतलं. पत्र आलं त्याच संध्याकाळी एचयूडी-वनची प्रत आणि आधीच्या कंपनीची चिठ्ठी पाकिटात घातली. या वेळी वकिलाचे पैसे लागले नाहीत.