मिर्याम आणि किदुशनंतरच्या गप्पा

शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपला, फोन हातात आला, म्हणून लिहितेय. आज सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, धर्मग्रंथातला मिर्यामचा भाग वाचला, भावाच्या, मोशेच्या बायकोवरून दुसऱ्या भावाजवळ, अहरोनजवळ वाईट बोलली काय आणि अंगभर पांढरंफेक कोड उठलं काय, सात दिवस छावणीबाहेर, अख्खी जमात तिच्यासाठी खोळंबून. आणि लगेच किदुशचं (प्रार्थनेनंतरच्या आशीर्वादाचं) मनुकांचं सरबत हातात घेऊन एका मोडलेल्या साखरपुड्याचा विषय सुरू 🙄 सांगणारीचं 'मी काय खोटं बोलतेय का' हे पण आलंच. अहो पण लाशोन हारा, म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट बोलणं, ते खरं असलेलंच, खोटं असेल तर ते अजून मोठं पाप! तालमूद, आमचा जुना धर्मचर्चेचा ग्रंथ, म्हणतो अशी जीभ तिघांना मारते, बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो. आता ऐकणारे आपण सगळेच, नुसतं 'हो का' करत मान डोलवणारे.

राडिन गावच्या (आताच्या बेलारूसमधलं) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कागान यांनी १८७३ मध्ये यावर आख्खं पुस्तक काढलं. तोंड शिवूनच बसा असंही नाही हं त्यात, स्थळाची चौकशी आली आणि खरंच काही गंभीर असेल तर सांगायचं, पण मीठमसाला न लावता, तेवढंच.

शेवटी एका आजींनी मध्येच 'सरबत कोणाला हवंय गं अजून?' करून विषयच तोडला. जाम आवडल्या मला.