मदत कक्षातली रोजनिशी : रुग्ण अंगावर येतो तेव्हा

सोमवार

सरकारी रुग्णालयात सोमवारची ओपीडी म्हणजे जत्रा. रविवारी घरी कळ काढलेले सगळे सकाळीच येतात, केसपेपरच्या खिडकीची रांग फाटकाकडे सरकते आणि रांगेच्या तोंडाशी ॲप्रन घातलेला स्वयंसेवक उभा असतो. डॉक्टर आत, सिस्टर इंजेक्शनात गुंतलेल्या, खिडकीतल्या माणसाचं तोंडही दिसत नाही. हाताशी सापडणारा हा एकटाच, त्यामुळे पहिली शिवी त्याच्याच वाट्याला येते. ती ॲप्रनला दिलेली असते, इतकं डोक्यात बसलं तरी निम्मा ताप उतरतो.

उरलेला निम्मा ताप आपला आपण चढवलेला. 'इथं पगारसुद्धा घेत नाही, वर हे ऐकायचं?' हा विचार मनात येतोच, येऊ दे. तोंडावाटे निघाला की मात्र भांडण पेटलंच म्हणून समजा. समोरच्याने कुणाकडे सेवा मागितलेली नसते. त्याला सोनोग्राफीची खोली हवी असते. मला तर 'सेवा' हा शब्दच थोडा घातक वाटतो. तो धरून आलेले लोक आभारांची वाट बघत बसतात आणि दोन महिन्यांत येईनासे होतात. कामाची वेळ ठरवून घेऊन, काम म्हणून येणारे टिकतात.

आज पैशावरून वाजतं ते का, हे नव्यांना सांगून ठेवायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाची आणि महापालिकांची त्यांची त्यांची. ती त्या निर्णयात नव्हती. जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन मेडिकल कॉलेजला आलेला माणूस खिडकीवर पैसे ऐकतो आणि त्याला वाटतं, मधल्यामध्ये कुणीतरी खातंय. त्याला 'नियम आहे' म्हटलं तर तो भडकणारच. 'ते रुग्णालय वेगळ्या खात्याचं होतं, इथं केसपेपरचे पैसे लागतात, पावती मिळते, ती जपून ठेवा' असं सांगितलं की बहुतेक वेळा आवाज खाली येतो. पावतीचा उल्लेख विसरायचा नाही. संशय पावतीनेच फिटतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलापाशीही तसंच. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, आणि आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातला या योजनेचा माणूस, कागद परत करतो. चिडलेल्या नातेवाइकाला तिसऱ्यांदा झेरॉक्सला पाठवण्याआधी सगळे कागद एकदाच बघून, काय कमी आहे ते एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. योजनेत बसेल की नाही हे आपण बोलायचं नाही. ते आरोग्यमित्राने सांगायचं.

बुधवार

'तू'बद्दल थोडं. शहरात वाढलेल्या मुलामुलींना एखाद्या आजीने 'ए पोरी, इकडं ये' म्हटलं की अपमान वाटतो. गावाकडे लहानाला 'तू' म्हणणं ही साधी बोलण्याची रीत आहे. तळकोकणातून आलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडची शिवी तर कधीकधी स्वल्पविरामाइतकीच असते. शब्द सोडून आवाजाची पट्टी, हाताची मूठ आणि पावलांची दिशा बघावी. आपण मात्र सगळ्यांना 'तुम्ही'च. 'आजोबा' म्हटलेलं सगळ्यांना रुचत नाही, साठीच्या आतबाहेरच्या माणसाला तर मुळीच नाही. केसपेपरवर नाव असतं, ते वाचून 'राव', 'ताई', 'काका' जोडावं.

चिडलेल्या माणसासमोर करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. दोन हात अंतर ठेवून, छातीसमोर छाती न भिडवता जरा तिरकं उभं राहायचं. दार आपल्या पाठीशी हवं, खाट आणि भिंत यांच्या बेचक्यात शिरायचं नाही. ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी घ्यावी. ओढणी पिनेने लावावी. रुग्ण झोपलेला असेल तर स्टूल ओढून बसावं. खाटेवरून वर बघत बोलावं लागलं की माणूस आणखी चिडतो. मग मिनिटभर, लागलं तर दोन मिनिटं, मध्ये न तोडता ऐकायचं. 'शांत व्हा' हे दोन शब्द कुणालाही शांत करत नाहीत. 'हे माझं काम नाही' हे खरं असलं तरी बोलू नये. 'सकाळपासून बसलाय तुम्ही, मी सिस्टरना विचारून येतो' एवढंच पुरतं.

आणि वेळ सांगायची ती खरी. रिपोर्टला दोन तास लागणार असतील तर दोनच सांगायचे. 'दहा मिनिटांत येतो' म्हटलं की दहाव्या मिनिटाला हजर, हाती काही नसलं तरी. 'अजून रिपोर्ट आला नाही, पुन्हा अकरा वाजता विचारतो' हे तोंड दाखवून सांगायचं असतं. स्वयंसेवकावरचे बरेचसे वाद इथेच जन्मतात. आपण बरं वाटावं म्हणून 'येतील हं डॉक्टर आत्ता' म्हणतो, डॉक्टर ऑपरेशनला उभे असतात आणि तासाभराने त्या वाक्याची वसुली होते.

व्हीलचेअरवरची चिडचिड तर पुष्कळदा आपल्याच चुकीची. ब्रेक न लावता बसवलं, पायपट्टी नडगीला लागली, काही न बोलता मागून ढकलायला सुरुवात केली. 'आता निघतोय', 'उंबरा आहे', 'उतारावरून उलटं नेतो' असं बोलत राहावं.

गुरुवार

आजचं पान मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. काही उद्धटपणा हा आजाराचा भाग असतो, आणि तो ओळखून सिस्टरना सांगणं ही स्वयंसेवकाच्या हातून होण्यासारखी खरी मदत.

मधुमेही रुग्ण एकाएकी खेकसायला लागला, घामेजला, हात थरथरतायत, बोलणं तुटक होतंय, तर साखर उतरली असेल. सत्तरच्या खाली गेली की हे दिसू लागतं. धावत जाऊन सिस्टरना सांगायचं. खिशातलं चॉकलेट आपण होऊन द्यायचं नाही, कारण तो ऑपरेशनसाठी उपाशी असू शकतो किंवा त्याला गिळता येत नसेल.

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली आजी संध्याकाळ पडली की 'तुम्ही चोर आहात, माझ्या पाटल्या काढल्या' म्हणून ओरडते. सकाळी हीच आजी नातवाचं कौतुक सांगत होती. 'वय झालंय' म्हणून हे सोडून देऊ नये. भान असं अचानक जाण्यामागे जंतुसंसर्ग, औषध, तुंबलेली लघवी असं कारण असू शकतं. सिस्टरना नेमकं सांगावं: 'सकाळी नीट बोलत होत्या, सहापासून माणसं ओळखत नाहीत.' तोवर पाटल्यांवरून वाद नको. चष्मा घालावा, श्रवणयंत्र असेल तर कानात आहे का बघावं, दिवा लावावा, घरचं माणूस शेजारी बसवावं.

रोज पिणारा माणूस दाखल होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, तो कुणाच्याही अंगावर धावतो. दारू एकदम सुटल्याचा हा परिणाम असू शकतो आणि तो जिवावर बेततो. इथे समजावत बसण्यात अर्थ नाही. लांब उभं राहून हाक मारायची.

मग उपाशी ठेवलेले. भुलीआधी घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद असतं, कारण भुलीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. प्रत्यक्षात यादी पुढे सरकत जाते आणि रात्री बारापासून उपाशी असलेला माणूस दुपारी दोनला 'तुम्हाला माणुसकी नाही' म्हणतो. खरं तर त्याचं काही चुकत नाही. पण पाणी द्यायचं नाही, घोटभरही नाही. आपण दिलेल्या घोटाने ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं. पाण्याचं कारण त्याला एका वाक्यात सांगावं, त्याचा नंबर कितवा ते सिस्टरना विचारावं, आणि ओल्या कापसाने ओठ पुसले तर चालतील का तेही विचारावं. विचारल्याशिवाय तेही नको.

शनिवार

आता जे आजारात बसत नाही ते. आडनाव विचारून 'तुझ्या हातचं नको' म्हणणारा, व्हीलचेअरवर बसताना मुद्दाम हात लावणारा, मुलीला मोबाइल नंबर मागत राहणारा. इथे दोन मिनिटं ऐकून घ्यायचा नियम लागू नाही. एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं: 'हात लावू नका', किंवा 'असं बोललात तर मी इथं थांबणार नाही.' मग खरंच निघून जायचं. थांबणार नाही म्हणून पुन्हा तिथेच घुटमळलं की शब्दाची किंमत जाते. सिस्टरना सांगायचं, म्हणजे रुग्णाची देखभाल अडत नाही. त्या खाटेवर पुन्हा एकट्याने जायचं नाही. मुलींनी हे सहन करण्यात काडीचाही मोठेपणा नाही, आणि जुने स्वयंसेवक 'होतं असं' म्हणतात तेव्हा ते चुकतात.

मारहाणीची भाषा सुरू झाली की सुरक्षारक्षक. भिंतीवर २०१० च्या कायद्याचा फलक असतो: डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भांडणाच्या मध्यावर त्या फलकाकडे बोट दाखवू नये. ते आव्हान वाटतं.

त्याच दिवशी वहीत लिहावं. तारीख, वेळ, वॉर्ड, खाट, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, कुणाला कळवलं. 'अत्यंत वाईट वागला' या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. वही समाजसेवा अधीक्षकांकडे जाते. फोटो नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही नाही. रुग्ण कितीही वाईट वागलेला असो, त्याच्या आजाराची गोष्ट त्याचीच असते.

त्यानंतर लगेच पुढच्या खाटेकडे जायचं नाही, कारण तिथल्या माणसाला आपला उरलेला राग मिळतो. हात धुवावेत, पाणी प्यावं, दहा मिनिटं जिन्यात बसावं.

पाळी बदलताना काय सांगतो याकडेही लक्ष हवं. 'चौदा नंबर फार चिडका आहे, सांभाळून' असं म्हटलं की पुढचा स्वयंसेवक आधीच आखडून जातो आणि चौदा नंबर दिवसभर चिडकाच राहतो. त्याऐवजी: 'चौदा नंबर, उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोला. मुलगा संध्याकाळी पाचला येतो. काल रात्रीपासून उपाशी आहेत, नंबर तिसरा.'